गोबेल्सचा फ्लेक्स मी का छापला नाही: आपल्या वाचनालयाच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि समस्त संचालक मंडळ,
सप्रेम नमस्कार.

मी तुमचा आजीव सभासद, आणि गेली एकवीस वर्षं तुमच्या व्याख्यानमालेचे फ्लेक्स, पत्रिका, वार्षिक अहवाल माझ्याच छापखान्यात होतात, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. हे पत्र खरं तर बंद पाकिटातच दिलं असतं. पण दोनदा फोन केला, एकदा समक्ष येऊन गेलो, तिन्ही वेळा "बघू, मीटिंगमध्ये घेऊ" एवढंच ऐकलं आणि तोवर व्हॉट्सअॅपवर पत्रिका फिरायलाही लागली. म्हणून आता उघडच लिहितोय. गावानेही वाचावं.

झालं असं की मागच्या मंगळवारी तुमच्या ऑफिसातून आठ बाय चारच्या फ्लेक्सचा मजकूर आला. यंदाच्या मालेचा विषय "जनमनाचे सम्राट". पहिलं पुष्प ठीक, दुसरं ठीक. तिसरं पुष्प हिटलरच्या प्रचारमंत्र्यावर, "गोबेल्स: प्रचारतंत्राचा जादूगार, आजच्या तरुणांनी काय शिकावे?" त्याखाली कुठल्याशा मार्केटिंग ट्रेनरचा हाताची घडी घातलेला फोटो आणि अवतरणचिन्हात, की खोटं हजार वेळा सांगितलं की खरं होतं. आमचा ऑपरेटर पोरगा म्हणाला, काका, गोबेल्सचा हाय रेझोल्युशन फोटो काढू का नेटवरून? पोराची चूक नाही, त्याला मजकूर आला तसा तो लावणार. मी म्हटलं थांब, हे काम आपण करत नाही.

तुमच्या कार्यवाहांना मी फोनवर कारण सांगितलं तर ते म्हणाले, "अहो आम्ही त्याच्या विचारांचं समर्थन करतोय का, फक्त स्किल घ्यायचं, बाकी सोडून द्यायचं, नीरक्षीरविवेक." हा शब्द ऐकल्यापासून माझं डोकं फिरलंय. राजहंसाला पाण्यातून दूध वेगळं काढता येतं म्हणतात, पण भांड्यात दूध असावं तर लागतं ना.

आधी त्या अवतरणाचं सांगतो, कारण वाचनालयाने निदान एवढं तरी तपासायला हवं होतं. ते वाक्य गोबेल्सच्या नावावर जगभर खपतं, पण त्याच्या कुठल्याही भाषणात किंवा लेखात ते सापडलेलं नाही. 'मोठं खोटं' ही कल्पना आहे हिटलरच्या पुस्तकात, आणि तिथे तो ती वापरतो ज्यूंवर आरोप करायला, की हे लोक असं खोटं बोलतात. चोराच्या उलट्या बोंबा. स्वतःला खोटारडे म्हणवून घेण्याइतके ते वेडे नव्हते हो. १३ मार्च १९३३ ला जे मंत्रालय निघालं आणि गोबेल्सला मिळालं त्याचं नाव होतं 'लोकप्रबोधन आणि प्रचार'. प्रबोधन! आपल्या महाराष्ट्रात या शब्दाला केवढा मान आहे, आणि तिकडे तोच शब्द कशावर चिकटवला होता बघा.

आता तो 'जादूगार'. ही जादू मोकळ्या मैदानात चाललीच नव्हती. नोव्हेंबर १९३२ ची निवडणूक ही त्यांची शेवटची खुली निवडणूक, त्यात नाझींना ३३ टक्के मतं पडली, आधीच्या जुलैत ३७ होती, म्हणजे कमी झाली. हिटलर चॅन्सेलर, म्हणजे जर्मनीचा पंतप्रधान, झाला ३० जानेवारी १९३३ ला आणि त्यानंतर बाकीच्यांचे आवाजच बंद केले. विरोधी पक्षांचे पेपर बंद पडले, त्यांच्या छपाई मशिनी जप्त झाल्या. १० मे ला बर्लिनच्या चौकात आणि बऱ्याच विद्यापीठांच्या गावांत पुस्तकांच्या होळ्या. ऑक्टोबरात संपादकांचा कायदा, ज्यू माणूस संपादक राहू शकत नाही, ज्याची बायको ज्यू आहे तोही नाही. बर्लिनची उलश्टाइन ही प्रचंड मोठी प्रकाशनसंस्था, ज्यू कुटुंबाची, १९३४ मध्ये त्यांच्याकडून कवडीमोलाने विकत घेतली. बाकी सगळ्यांचे माइक काढून घेऊन एकटाच बोलणाऱ्याला वक्तृत्वाची ढाल द्यायची का? तुमच्याच स्पर्धेत असं कोणी केलं तर तुम्ही त्याला स्टेजवरून खाली उतरवाल.

रेडिओचंही तसंच. ऑगस्ट १९३३ मध्ये 'जनतेचा रेडिओ' काढला, ७६ मार्कांत, बाजारातल्या इतर सेटपेक्षा बराच स्वस्त, मॉडेलचा नंबर ३०१ कारण ३० जानेवारी. घरोघरी गेला. लढाई सुरू झाली तसं परदेशी स्टेशन ऐकणं हा गुन्हाच ठरवला. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सकाळी आकाशवाणी लागायच्या आधी जी धून वाजायची, व्हायोलिन आणि तंबोऱ्याची, तुमच्यापैकी साठीच्या पुढचे सगळे त्या धुनेवर उठलेत, ती ज्याच्या नावावर आहे तो वॉल्टर कॉफमन प्रागहून आलेला ज्यू संगीतकार. १९३४ मध्ये मुंबईत आला, मग आकाशवाणीत लागला. तिकडे रेडिओवरून ज्या लोकांना किडे, उंदीर म्हणत होते त्यातला एक माणूस इकडे आपल्या सकाळी सुरेल करून ठेवत होता.

मी छापखानेवाला आहे त्यामुळे मला जास्त लागतं ते कागदाचं. न्यूरेंबर्गला युलियस श्ट्रायखर नावाच्या माणसाने १९२३ मध्ये 'डेर श्ट्युर्मर' नावाचं साप्ताहिक काढलं. पहिल्या पानाच्या तळाशी ठळक टायपात एक ओळ असायची, "ज्यू हेच आमचं दुर्दैव". ही ओळही श्ट्रायखरची नाही बरं का, १८७९ मध्ये एका नामवंत इतिहासाच्या प्राध्यापकाने लिहिलेली, म्हणजे विद्वानाने विष काढून ठेवलं आणि गुंडाने ते बाटल्यांत भरून विकलं. लाखांत खप. आणि ज्यांना विकत घ्यायचं नाही त्यांच्यासाठी चौकाचौकात, बसस्टॉपवर, कारखान्यांजवळ काचेच्या पेट्या उभ्या केल्या आणि त्यात ताजा अंक लावायचे. आपल्याकडे चौकात वार्ताफलक असतो ना, पेपर लावलेला, येताजाता चार माणसं मान वर करून वाचत उभी असतात, अगदी तसं. फुकट वाचनालयच म्हणा ना. शाळेत जाणारी पोरं तिथे थांबून चित्रं बघायची. चित्रंही ठरलेली, एकच चित्रकार वर्षानुवर्षं काढायचा, जाड ओठ, वाकडं नाक, बुटका, लाळ गळतेय, मागे बिचारी जर्मन मुलगी. मे १९३४ च्या विशेषांकात तर छापलं की ज्यू लोक ख्रिश्चन मुलांना मारून त्यांचं रक्त वापरतात. मध्ययुगातली बाष्कळ अफवा, ती विसाव्या शतकात रोटरी मशीनवर छापली.

त्या पेपरचं मला सगळ्यात भयंकर वाटतं ते वाचकांच्या पत्रांचं पान. अमक्या गल्लीतल्या तमक्या बाई अजून ज्यू दुकानातून कापड घेतात, अमका अधिकारी ज्यू शेजाऱ्याशी हसून बोलताना दिसला, अशी पत्रं लोक आपणहून लिहायचे आणि ती नावानिशी छापली जायची. कोणी जबरदस्ती केली नव्हती. एकदा नाव छापून आलं की त्या बाई परत त्या दुकानात जात नाहीत, आणि त्यांची गंमत बघणाऱ्या दहा बाया पण जात नाहीत. द्वेष मनात असायचीही गरज नाही, नाव छापून येईल एवढी भीती पुरते. याला तुमचे ट्रेनर 'एंगेजमेंट' म्हणत असतील.

आणि हे सगळं कोणाविरुद्ध? १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू होते पाच लाखांच्या थोडे वर, लोकसंख्येच्या एक टक्कासुद्धा नाहीत. शंभर जर्मनांमागे एक पण नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढून सुमारे १२,००० ज्यू सैनिक मेले, तरी प्रचार हाच, की ज्यूंनी पाठीत खंजीर खुपसला म्हणून आपण हरलो. (पाठीत खंजीर हा शब्द आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत येतो, त्यामुळे तो किती सोपा आहे हे मी सांगायला नको.) नोकरी गेली, ज्यू. महागाई झाली, ज्यू. रशियात कम्युनिस्ट आले ते ज्यू आणि अमेरिकेत भांडवलदार माजले ते पण ज्यू. दोन्ही एकाच वेळी कसं, हे विचारणारे पेपर बंद झालेले. ज्यू वडीलधाऱ्यांच्या जगावर राज्य करायच्या कटाचं म्हणून एक बनावट टिपण फिरत होतं, ते बनावट आहे हे लंडनच्या टाइम्सने १९२१ मध्येच ओळी शेजारीशेजारी लावून दाखवलं होतं. काही फरक पडला नाही, छापतच राहिले.

लहान मुलांनाही सोडलं नाही. श्ट्रायखरच्याच प्रकाशनाने १९३८ मध्ये 'विषारी अळंबी' नावाचं मुलांचं पुस्तक काढलं. आई मुलाला घेऊन जंगलात जाते, चांगली अळंबी कुठली आणि विषारी कुठली ते दाखवते, मग सांगते की माणसांचंही तसंच असतं बाळा. दुसऱ्या एका धड्यात वर्गातला मुलगा फळ्यावर शिकवतो की ज्यूचं नाक इंग्रजी सहाच्या आकड्यासारखं. रंगीत छपाई, चांगला कागद. मी धंद्यातला आहे, नमुना बघितला की काम कळतं. ज्याने ते छापलं त्याने मन लावून छापलंय.

एक गंमत पण सांगतो, छापखान्यातलीच. जुनी जर्मन पुस्तकं टोकदार काळ्या गॉथिक अक्षरांत असतात, ती अक्षरं म्हणजे अस्सल जर्मन म्हणून नाझींनी आधी मिरवली. मग ३ जानेवारी १९४१ ला पक्षाच्या ऑफिसातून मार्टिन बोरमानचं पत्रक निघालं की ही गॉथिक म्हणवली जाणारी अक्षरं मुळात ज्यूंची आहेत, तेव्हा बंद करा. आणि ज्या लेटरहेडवर हा हुकूम टाइप केला त्या लेटरहेडवर पक्षाचं नाव त्याच गॉथिक अक्षरांत छापलेलं! छपाईच्या खिळ्यांना पण जात लावली यांनी. माझे वडील जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे होते, त्यांना हे सांगितलं असतं तर पोट धरून हसले असते.

हसायचं तिथेच संपतं. १ एप्रिल १९३३ ला दुकानांवर बहिष्कार, दारात तपकिरी शर्टवाले नाझी पाट्या घेऊन उभे. आठवड्याभरात सरकारी नोकऱ्यांतून काढलं. १५ सप्टेंबर १९३५ ला न्यूरेंबर्गचे कायदे, नागरिकत्व गेलं, जर्मनांशी लग्नावर बंदी, आणि ज्यू कोण ते आजी-आजोबा मोजून ठरवायचं. १९३६ च्या ऑलिंपिकला मात्र बर्लिन चकाचक, 'ज्यूंना मज्जाव' वाल्या पाट्या उतरवल्या, श्ट्रायखरचा पेपर स्टॉलवरून गायब केला. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी तेव्हा तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेली होती, ध्यानचंदच्या टीमने जर्मनीला ८-१ ने धुतलं ते तिथेच. पाहुण्यांना दिसलं ते शिस्त, फुलं आणि झेंडे. 'हिटलरने देश कसा शिस्तीत आणला' ही जी गोष्ट आपल्याकडे अजून पारावर चालते ना, ती त्या पंधरा दिवसांच्या रंगरंगोटीवरच पोसलेली आहे असं मला वाटतं.

नोव्हेंबर १९३८ मध्ये पॅरिसमध्ये एका सतरा वर्षांच्या ज्यू मुलाने जर्मन वकिलातीतल्या अधिकाऱ्याला गोळी घातली. ९ तारखेच्या रात्री गोबेल्सने म्युनिकमध्ये पक्षाच्या लोकांसमोर भाषण ठोकलं आणि देशभर ज्यूंची दुकानं फुटली, सिनेगॉग, म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं, जळली, तीसेक हजार पुरुष छळछावण्यांत नेले. पेपरात काय आलं, तर जनतेचा उत्स्फूर्त संताप. आणि दंड? शंभर कोटी मार्क, तोही ज्यूंवरच. चोर सोडून संन्याशाला फाशी, अक्षरशः. पुढे १९४० मध्ये 'ज्यू झ्यूस' हा ज्यूद्वेषी सिनेमा आला, भरजरी कपडे, नामी नट, दोन कोटींच्या आसपास लोकांनी बघितला, आणि एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाचा प्रमुख हिमलर याने हुकूम काढून आपल्या दलाला आणि पोलिसांना तो दाखवला. नोव्हेंबर १९४१ मध्ये गोबेल्सने स्वतःच्या सहीने लेख लिहिला, मथळा 'ज्यू दोषी आहेत', तोवर बर्लिनहून ज्यूंच्या गाड्या पूर्वेला सुटायला लागल्या होत्या. भाषा बघा, मारणं म्हणायचं नाही, 'स्थलांतर' म्हणायचं, 'विशेष वागणूक' म्हणायचं. एकूण साठ लाख माणसं. त्यात साधारण पंधरा लाख लेकरं.

तुमचं 'स्किल' हे आहे. श्ट्रायखरने स्वतःच्या हाताने कोणाला मारलं नव्हतं, छावणीही चालवली नव्हती. त्याने पेपर चालवला. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या कोर्टाने त्यालाच धरून १६ ऑक्टोबर १९४६ ला फाशी दिलं. 'स्किल'साठीच म्हणा हवं तर. आणि तुमच्या जादूगाराने १ मे १९४५ ला बंकरमध्ये आपल्या सहा मुलांना विष देऊ दिलं आणि बायकोसकट जीव दिला. आजच्या तरुणांनी यातलं नक्की काय शिकायचं ते फ्लेक्सवर लिहा, मग छापतो.

आता माझं स्वतःचं. माझे वडील सतरा-अठरा वर्षांचे असताना गिरगावातल्या एका छापखान्यात लागले. तिथले फोरमन काका रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू होते, आडनाव शेवटी 'कर', घरात मराठी, चिंबोरीचा विषय निघाला की फक्त मान हलवायचे कारण त्यांच्यात ती चालत नाही. आपल्या रायगडात यांना शनिवार तेली म्हणायचे हे जुन्या माणसांना ठाऊक आहे, घाण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला फुटक्या गलबतातून आले अशी त्यांची कथा. अलिबागला इस्राएल आळी आहे, कधी गेलात तर बघा. या काकांनी वडिलांना खिळे जुळवायला शिकवलं, शनिवारी सुट्टी घ्यायचे आणि रविवारी एकटे येऊन मशीनला तेलपाणी करायचे. साठच्या दशकात ते इस्राएलला गेले, जाताना आपली कंपोझिंगची स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची पट्टी, वडिलांना देऊन गेले. ती माझ्या काउंटरवर आहे, पेपरवेट म्हणून. तुमचा मजकूर मी त्याच्याच खाली ठेवला होता, आणि मग काढून घेतला. मला जमेना.

फ्लेक्सशिवाय आणखी दोन तक्रारी आहेत, थोडक्यात सांगतो. एक, दारातल्या काचेच्या कपाटात 'व्यक्तिमत्त्व विकास' अशी चिठ्ठी आणि त्याखाली हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद, यशाची सूत्रं आणि श्रीमंत कसं व्हावंच्या मधोमध. काय विकास? "इंग्रजांना नडला म्हणून आपला" म्हणणाऱ्यांनी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. त्यात तो स्वच्छ लिहितो की भारत इतर कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, आणि आपल्या स्वातंत्र्यासाठी युरोपात फिरणाऱ्यांची टिंगल करतो. दोन, शालेय वक्तृत्व स्पर्धेत आठवी ते दहावीसाठी 'हिटलर: एक झंझावाती वक्ता' हा विषय. माझी नात आठवीत आहे. ती यूट्यूबवर त्याचे हातवारे बघून आरशासमोर प्रॅक्टिस करत होती हो. शब्द कळत नाहीत, हातवारे पाठ. तिला रागावणार कशावर, विषय तुम्ही दिलाय.

तर मागण्या अशा.

तिसरं पुष्प रद्द करा, किंवा विषय बदला: प्रचाराने शेजाऱ्याला शत्रू कसं केलं. यावर बोलणारे इतिहासाचे प्राध्यापक आपल्या जिल्ह्यातच आहेत, ट्रेनरपेक्षा कमी मानधन घेतील.

स्पर्धेतला तो विषय काढा आणि ज्या शाळांना पत्रक गेलंय त्यांना लेखी कळवा. शिक्षकांना तोंडी निरोप देऊन भागणार नाही, पोरांची तयारी सुरू झालीय.

पुस्तक फेकू नका, जाळू तर अजिबात नका, जाळणारे कोण होते ते वर लिहिलंय. इतिहासाच्या कपाटात ठेवा आणि आत एक पानाची टीप चिकटवा, या पुस्तकानंतर काय झालं ते सांगणारी. टीप तुम्ही लिहून घ्या, छपाई माझ्याकडून.

आणि जमलं तर एक संध्याकाळ आपल्या जिल्ह्यातल्या बेने इस्राएल लोकांवर ठेवा. त्यांच्यात मराठीत कीर्तनं व्हायची हे आपल्या किती सभासदांना माहीत आहे? मला पण पन्नाशीनंतर कळलं. याचा फ्लेक्स, पत्रिका, सगळं फुकट करून देईन, आठ बाय चार नाही, दहा बाय सहा.

तुम्ही मंडळी वाईट आहात असं माझं बिलकूल म्हणणं नाही. पुरात तळमजल्यावरची पुस्तकं तुम्ही डोक्यावरून वर नेलेली मी पाहिलीत, तेव्हा मीही होतो. म्हणून तर दुसऱ्या कोणाला न लिहिता तुम्हालाच लिहितोय. हे काम मी नाही केलं तर शेजारच्या गावात दीड तासात होईल, तेही मला माहीत आहे.

फ्लेक्सपोटी दिलेला पाचशे रुपये अॅडव्हान्स पाकिटात घालून गुरुवारीच काउंटरवर परत केलाय. त्याची पोच अजून आलेली नाही, तेवढी पाठवून द्या.

आपला,
एक आजीव सभासद आणि छापखानेवाला